विमानाआधी गिरणी

माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण गुवाहाटीला होणार, असं कुणीच ठरवलं नव्हतं. रीतीप्रमाणे ती सातव्या महिन्यात माहेरी, म्हणजे चांदवडजवळच्या आमच्या गावी यायची होती. जावई लष्करात, ती दोघं तिकडे छावणीत राहायची. पण तिचा रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी आगगाडीच्या प्रवासाला साफ नकार दिला. मग एके दिवशी हायवेवरच्या किराणा दुकानात ट्रंक कॉल आला. जावई पलीकडून ओरडून ओरडून एवढंच सांगू शकले, की दिवस भरत आलेत, बाईमाणूस कुणीतरी लवकर या.

सासूबाई त्याच दुपारी एसटीनं नाशिकला आमच्या घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत डिंक, खारका आणि अळीव. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. पायांवर पाणी घ्यायच्या आधीच त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं, "गाडीनं जायाला किती दिस लागत्यात?"

"तीन-चार दिवस. तेही मधे गाडी बदलून, आणि जागा मिळाली तर."

"मंग इमानानं जाऊ. यंदा कांद्यानं हात दिलाय."

नवरा सातपूरच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, "मी रजा टाकतो, मी येतो तुझ्याबरोबर."

"तू येऊन काय करशील? पोरगी बाळंत व्हायचीय, कांदे नाय भरायचे." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला हिंदी येतं, इंग्रजी येतं. साळंत शिकवती, आता सुट्टी हाय. ही येईल."

मी लगेच हो म्हटलं, पण पुढचंही बोलून टाकलं. "येते, आत्याबाई. पण विमानात मला त्रास होणार, ते आत्ताच सांगते."

"भ्या वाटतं व्हय?"

"भीती नाही. डोक्यात गर्दी होईल."

त्यांनी मान हलवली. त्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

हे शब्द माझ्या आईचे. माझं बालपण नाशिकमधल्या आमच्या वसाहतीत गेलं. एका खोलीला लागून दुसरी खोली, मध्ये विहार, समोर सार्वजनिक नळ. आवाज, वास, उजेड एकेकटे आले तर मला काही होत नसे. सगळे एकदम आले, की मात्र डोक्याच्या आत जागाच उरत नसे. नळावरची भांडी, शेजारचा रेडिओ, फोडणीचा ठसका, ट्यूबलाइटची घूं घूं, अंगाला टोचणारी गोधडी असं सगळं एकावर एक चढत जाई आणि मग मी जिथे असेन तिथे खाली बसत असे. कधी रडत असे, कधी नुसतीच थिजून जाई. ओझरच्या कारखान्यातली लढाऊ विमानं चाचणीसाठी उडायची, तेव्हा सगळी पोरं गच्चीवर धावत आणि मी कॉटखाली. जयंतीची मिरवणूक मला जिवापाड आवडायची, निळे झेंडे, लेझीम, ट्रकवरची सजावट. पण कर्णे जवळ आले की ते सुख संपायचं. तेव्हा वडील मला शाळेच्या गच्चीवर नेत. तिथून सगळी मिरवणूक दिसे आणि आवाज अर्धा होऊन येई.

आई विड्या वळायची. संध्याकाळी ती घरी आली की आधी लुगडं बदलायची, मगच मला जवळ घ्यायची, कारण तंबाखूच्या वासानं मी मागे सरकत असे. तिनं कधी कुणाला मला लाडावलेली म्हणून नावं ठेवू दिली नाहीत आणि आजारी म्हणूही दिलं नाही. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम आहेत म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं. आईनं टॉनिक धाकट्या भावाला पाजलं. मला म्हणाली, "तुझ्या डोक्यात गर्दी होते. गर्दीत आपण काय करतो? कडेला होतो. नाहीच होता आलं, तर घशातून हूं काढ, आपला आवाज आतून मोठा कर." मी करून पाहिलं. पुष्कळदा उपयोग व्हायचा.

त्यामुळे मोठी होईपर्यंत मी स्वतःला चांगली ओळखून होते. वर्गात मी फळ्याच्या कडेच्या भिंतीशी टेकून शिकवायची. लग्नात सासरच्यांना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी गावात दिराचं लग्न निघालं. बँड, बॅटरीवरचे कर्णे, चुलवणांचा धूर, हळदीचे हात गालाला लावणाऱ्या बायका. मी निसटले आणि कडब्याच्या खोपटात जाऊन बसले. आत्याबाईंनी मला तिथे शोधून काढलं.

"कोन काय बोललं का तुला?"

"नाही."

"मंग?"

मी सांगितलं, जसं आईनं मला सांगितलं होतं तसंच. त्यांनी खोपटाचं दार ओढून घेतलं आणि बाहेर बसल्या. जो कुणी येई त्याला सांगत, "म्हस व्यालीय. आत कोनी जायाचं नाय." वरात निघेपर्यंत मी ती म्हैस होऊन राहिले. त्या दिवसापासून आम्हा दोघींचं जमलं.

तर विमानाचं ठरलं. नवऱ्याच्या मुंबईतल्या मित्रानं तिकिटांची व्यवस्था केली. मुंबई ते कलकत्ता मोठ्या विमानानं आणि तिथून छोट्या विमानानं गुवाहाटी. निघायला थोडेच दिवस होते. धडा शिकवण्याआधी मी जशी तयारी करते, तशीच याची करायची असं मी ठरवलं. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान ओझरला कामाला होते, त्यांना जाऊन विचारलं. प्रश्न ऐकून ते जरा गोंधळले, पण उत्तरं नीट दिली. इंजिनाच्या मागे आवाज जास्त, म्हणून पुढची जागा मागा. सिगारेटवाले मागे बसतात, तेही एक कारण. वर चढताना आणि उतरताना कान दडतात, तेव्हा गिळत राहा. उडताना जोर पाठीवर येतो, तो फार वेळ टिकत नाही.

मी सामान काढलं. कापूस, लोकरीची कानटोपी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, नाकाशी धरायला ओव्याची पुरचुंडी. आत्याबाई कपडे घ्यायला गावी निघाल्या होत्या, त्यांनी हे सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "चल माझ्यासंगं गावाला. करून बघू."

"काय करून बघू?"

"आदी चल तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावातल्या पिठाच्या गिरणीत नेलं. डिझेल इंजिनावर चालणारी गिरणी. पट्टा फटफटत होता, जमीन थरथरत होती, हवेत पीठ, भिंतींवर पीठ, इंजिनाच्या धुराचा आणि गरम पिठाचा वास. गिरणीवाल्यानं आमचे मोकळे हात बघितले.

"दळन कुठाय?"

"दळन नाय," आत्याबाई ओरडल्या, "सून आनलीय."

त्यानं इंजिन बंद करायला हात घातला. आत्याबाईंनी त्याचा हात धरला. "बंद नको करू. लय जोरात चालव." गिरणीवाला माझ्याकडे बघत राहिला. मी कानात कापूस घातला, वर टोपी ओढली आणि मिरच्या दळायच्या चक्कीजवळ एका डब्यावर बसले. दळण घेऊन आलेल्या बायकाही कामं सोडून उभ्या राहिल्या.

पहिल्यांदा मला फार वेळ बसवलं नाही. धडपडत बाहेर आले, कडुनिंबाखाली बसले, पाणी प्यायले. पण बाहेर बसल्या बसल्या काय काय झालं ते आठवून पाहिलं. कापसानं आवाज कमी झाला होता. थरथर मात्र डब्यातून सरळ मणक्यात शिरत होती. शिवाय आत्याबाई मधूनमधून माझ्या दंडाला हलकेच हात लावून "बरं हाय ना?" विचारत होत्या आणि तो हलका हात मला सुईसारखा लागत होता.

मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, हळू हात लावू नका. धरायचं तर घट्ट धरा. आणि विचारू नका काही, मी आपणहून सांगेन."

"घट म्हंजी किती?"

"पोतं धरता तसं."

दुसऱ्यांदा आत गेले तेव्हा पाठ पूर्ण भिंतीला टेकवली, खाली घडी केलेली सतरंजी घेतली, डोळे समोरच्या एका खिळ्यावर ठेवले आणि घशातून हूं सुरू केलं. आत्याबाईंनी शेजारी बसून माझा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली. या वेळी एका बाईचं पूर्ण दळण होईपर्यंत मी बसले. तिसऱ्यांदा तर गिरणीवाल्यानंच "आता मिरच्या टाकू का?" असं विचारलं. मिरच्यांना मी नाही म्हटलं. प्रत्येक गोष्ट सोसून दाखवलीच पाहिजे असं माझं कधीच म्हणणं नव्हतं.

मुंबईला आम्ही आदल्या दिवशी पोचलो आणि सकाळी सांताक्रूझच्या विमानतळावर गेलो. चकचकीत फरशी, वर ट्यूबलाइटच्या रांगा, छताला आपटून परत येणाऱ्या घोषणा, अत्तरं, फिनेल, सिगारेटी. मी आत शिरताच एक खांब हेरला आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. काउंटरवर मात्र स्वतः गेले. पुढची जागा मागितली. माणूस म्हणाला, पुढे काही शिल्लक नाही, मागची आहे. मी पुन्हा मागितली. तो पुन्हा तेच म्हणाला.

तपासणीच्या पडद्याआड एक महिला पोलीस होत्या. त्यांची बोटं खांद्यावरून हलकी हलकी फिरायला लागली तसा माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "बाई, जरा जोरात तपासा."

त्या थबकल्या. "काय म्हणालात?"

"हलक्या हातानं मला त्रास होतो. दाबून तपासा."

इतकी वर्षं नोकरीत असून असं कुणी म्हटलं नव्हतं, असं म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी मला चांगली दाबून तपासली.

विमानात आमच्या जागा पंखाच्या बऱ्याच मागे निघाल्या. आत्याबाईंना मी खिडकीशी बसवलं, मी मधे, माझ्या पलीकडे एक सफारीतले गृहस्थ. हवाईसुंदरी ट्रेमध्ये गोळ्या आणि कापसाचे बोळे घेऊन आली. ते बघून मला फार बरं वाटलं. म्हणजे कापसाची गरज लागणारी मी एकटीच नव्हते! आत्याबाईंनी मूठभर गोळ्या घेतल्या. मग त्यांनी आपणहून कनवटीचा रुमाल काढला आणि हातातल्या हिरव्या बांगड्यांवर गुंडाळून गाठ मारली. "वाजत्यात," एवढंच म्हणाल्या.

इंजिनं सुरू झाली. मी समोरच्या खुर्चीच्या शिवणीतलं एका टाक्याचं टोक नजरेनं धरून ठेवलं, पाठ रेटली, हूं सुरू केलं. धावताना ठीक होतं. विमान वर उठलं, पाठीवर जोर आला, तेही ठीक. मग कान दडले. आणि कान दडल्याबरोबर माझा हूं मला ऐकू येईना. जो आवाज मी आतून मोठा करत होते, तो कुठेतरी चिखलात रुतल्यासारखा झाला. त्याच वेळी विमान वळलं आणि खिडकीतून ऊन सरळ डोळ्यांत आलं, मागे एक मूल किंचाळायला लागलं, सिगारेट-बंदीची बत्ती विझताच सफारीवाल्यांनी सिगारेट पेटवली. गिरणीत यातलं काहीच नव्हतं. मला टाक्याचं टोक दिसेना. तोंडातून एकच शब्द निघाला, "आत्याबाई."

त्यांनी काही विचारलं नाही. माझं डोकं मानेसकट खाली ओढून आपल्या मांडीवर घेतलं, वरून पदर टाकला आणि दोन्ही हातांनी आवळून धरलं. पदराखाली अंधार होता. त्यांच्या लुगड्याला घरातल्या पेटीचा वास होता. मी गोळी चघळत गिळत राहिले. वर त्यांचा आवाज चालू होता, पण तो कापसातून आणि पदरातून येत होता, म्हणून चालत होता.

"काय झालं? उलटी होतेय का?" हवाईसुंदरी आली असावी.

"उलटी नाय का काय नाय. तिच्या डोक्यात गर्दी झालीय. त्या खिडकीचं झाकान कसं पडतं ते सांग मला." मग आवाज वळला. "आन दादा, तुमची जागा तुमच्यापाशी हाय, पर धूर आमच्याकडं येतोय."

"इथे ओढायला परवानगी आहे, आजी."

"असंल ना. म्या कुठं नाय म्हन्ते? परवानगी हाय, पर गरज हाय का?"

हळूहळू धुराचा वास कमी होत गेला.

किती वेळानं ते माहीत नाही, कानात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि माझा हूं मला पुन्हा ऐकू आला. मी उठून बसले. केस विस्कटले होते, कपाळावर लुगड्याच्या काठाची नक्षी उमटली होती. आसपासची माणसं बघत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावलं आणि हिंदीत सावकाश सांगितलं, "मी आजारी नाही. आवाज, वास, उजेड एकदम अंगावर आले की मला सहन होत नाहीत, जन्मापासूनच. इंजिनाच्या पुढच्या बाजूला जागा झाली, तर मी नीट प्रवास करू शकेन. कुणाला विचारून बघाल का?"

आजवर मी हे आईजवळ, आत्याबाईंजवळ, नवऱ्याजवळ बोलले होते. अनोळखी माणसासमोर पूर्ण वाक्यात पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलून झाल्यावर वाटलं, यात एवढं अवघड काय होतं! ती मुलगी माझ्यापेक्षा लहानच असेल. ती पुढे गेली आणि परत आली. पहिल्या रांगांमधले दोन तरुण मागे यायला तयार होते. त्यांना सिगारेट ओढायचीच होती. आम्ही सामान उचललं. उठताना सफारीवाल्यांनी आत्याबाईंना वाट करून दिली आणि म्हणाले, "सांभाळून जा, आजी."

पुढे खरोखर फरक होता. आवाज होता, पण तो मागे राहिल्यासारखा वाटे. मी खिडकीचं झाकण निम्मं उघडून ढग पाहिले. आत्याबाईंनी दोघींचं जेवण संपवलं, पावाला चव नाही म्हणाल्या आणि मिठाच्या पुड्या कनवटीला लावल्या. उतरताना मात्र त्यांचा चेहरा आक्रसला.

"कान दुखताहेत?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्याच गोळ्यांतली एक त्यांच्या तोंडात घातली आणि गिळायला सांगितलं. त्या आज्ञाधारकपणे गिळत राहिल्या, डोळे मिटून, माझ्या मनगटाला पकडून. चाकं जमिनीला टेकली तेव्हाच त्यांनी डोळे उघडले. "लय अवघड हाय गं हे," त्या म्हणाल्या. "तुला रोजच असं व्हतं?"

"रोज नाही. पण होतं."

कलकत्त्याहून पुढचं विमान लहान होतं, पंख्यांचं. त्याचा आवाज पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आणि मी आत शिरताना मनाची तयारी केली होती. झालं उलटंच. तो आवाज एकसारखा होता, एका सुरात धरलेला, मध्ये काही खडखड नाही की किंचाळणं नाही. त्यात माझा हूं अलगद मिसळून गेला.

आत्याबाई कानाशी ओरडल्या, "ही तर आपली गिरनीच हाय की!"

मी गुवाहाटीपर्यंत झोपले.

नणंद आम्हाला बघून रडली आणि मग आईच्या पिशवीतला डिंक बघून हसली. चौथ्या की पाचव्या दिवशी लष्करी दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळ अशक्त होतं, वजन कमी होतं, पण आवाज खणखणीत. ते रडायला लागलं की मी बाहेर व्हरांड्यात जायची, शांत झालं की आत येऊन मांडीवर घ्यायची. नणंदेला आधी याचं वाईट वाटलं. आत्याबाईंनी तिला दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि पुढे बाळानं तोंड वाकडं केलं की नणंदच म्हणायची, "वहिनी, निघा, आता सुरू होईल."

शाळा उघडायची होती, म्हणून मी एकटी परत निघाले. आत्याबाई दोन महिने तिथेच राहणार होत्या. निघताना त्यांनी पदराला डोळे पुसले आणि विचारलं, "यकटी जाशील ना?"

"जाईन की."

गुवाहाटीला, मग कलकत्त्यालाही, मी सगळ्यांच्या आधी काउंटरवर उभी राहिले आणि काय हवं ते सांगितलं. कलकत्त्याच्या माणसानं विचारलं, "पेशंट म्हणून नोंद करू का?"

"नोंद नको. पुढची जागा द्या, खिडकीची."

त्यानं दिली. वर चढताना कान दडले, तेव्हा मला माहीत होतं की ते सुटणार आहेत. मी साडीचा पदर डोक्यावरून पुढे ओढला, त्याच्या आत माझी माझी बसले, गोळी संपेपर्यंत गिळत राहिले आणि मग पदर मागे सारून खाली पाहिलं. शेतं होती, एक नदी होती, तिच्या काठाकाठानं जाणारा रस्ता होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, नाही, चौथ्यांदा.

सांताक्रूझला नवरा घ्यायला आला होता. त्याला आधी बहिणीची खुशाली हवी होती, मग भाचीची. मी सांगायला लागले: बाळाच्या डोक्यावर किती जावळ आहे, ती जांभई कशी देते, आत्याबाई छावणीतल्या पंजाबी बायकांना अळिवाचे लाडू कसे शिकवतात आणि त्या बायका आत्याबाईंना कसं हिंदी शिकवतात. बोलता बोलता कसारा घाट कधी चढून गेलो ते दोघांनाही कळलं नाही.